बापाचा कागद, लेकीचं दूध

वळूलाही सड असतात. अंडकोशाच्या पुढे, पोटाच्या कातडीवर, बोराच्या बीएवढे चार. पदविकेच्या पुस्तकात ते कुठेतरी छापलेले असणार, पण मला ते खरे दाखवले कुंभार पिंपळगावातल्या एका आबांनी. वळूच्या मागच्या पायांशी ते उकिडवे बसले, एका हाताने त्याची मांडी थोपटत राहिले आणि दुसऱ्या हाताची बोटं आत सारून सड चाचपून म्हणाले, "डाक्टर, चारी लांब-लांब हायेत. ह्याच्या लेकींची कास चौरस भरंल बघा." मी तेव्हा पशुधन पर्यवेक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. गावात पर्यवेक्षकालाही डॉक्टरच म्हणतात, आणि थोड्या दिवसांनी आपणही 'ओ' द्यायला लागतो.

वळूच्या अंगावर आबा त्याच्या न जन्मलेल्या लेकी वाचत होते. वळूची अडचणच ती आहे. ज्या गुणासाठी त्याला निवडायचं, तो गुण त्याच्यात दिसत नाही. गाय घ्यायची तर दोन वेळची धार काढून बघता येते. बैल औताला जुंपून बघता येतो. वळूचं काय बघणार? वशिंड बघा, छाती बघा, गळ्याची पोळी बघा, चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर पडतो का ते बघा. एवढं सगळं बघून झालं तरी दूध राहतंच. मग त्याची आई किती द्यायची ते विचारायचं, आईची आई विचारायची. वंशावळीची सगळी विद्या या नाइलाजातून आलेली आहे.

घनसावंगी तालुक्याचा हा पट्टा खाली गोदावरीला टेकलेला. जायकवाडीचा डावा कालवा आला, ऊस आला, कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग वाढं खाणारी संकरित गाय आली. त्याच्या आधी ज्वारी-कापसाच्या रानात चालणारी लाल कंधारी, काही देवणी, आणि बाकी सगळी अठरापगड रक्ताची गावठी जनावरं. लाल कंधारी नांदेडच्या कंधार भागातली. अंग तांबडं, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड, उन्हात राबायला तयार. वेताला सहाशे लिटरच्या आसपास दूध देते, म्हणजे संकरित गाय बांधणाऱ्याला ती परवडत नाही. देवणी लातूरकडची, अंगावरच्या काळ्या डागांवरून तिचे तीन प्रकार मानतात: बाळंक्या, वानेरा, शेवरा. आमच्याकडे पोचेपर्यंत हे प्रकार इतके मिसळलेले असत की रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्यात मी मुकाट्याने 'गावठी' लिहीत असे.

पण 'गावठी' लिहिलेल्या गाईला वंशावळ नव्हती असं मात्र नाही. ती बायकांकडे होती. गोठ्यात शिरून गाईच्या मागे उभा राहिलो, हातमोजा चढवला, की पदराने घाम पुसत घरची बाई सांगायला लागायची. ही काळीची लेक. काळी कुणाची, तर आमच्या सासूबाईंच्या तांबडीची. आणि तांबडी सासूबाईंना माहेरून आंदण आलेली, परतूरच्या बाजूची, वेतामागून वेत न चुकता देणारी. आंदणाची गाय ही लेकीच्या संसाराची पहिली पुंजी असायची. त्यामुळे तिच्या पोटचं काय-काय झालं, कुठली कालवड कुणाला अर्धलीने दिली, कुठली दुष्काळात विकली, हे घराण्याच्या इतिहासासारखं पाठ असायचं. चार-चार पिढ्या सहज निघायच्या.

"आणि बाप?" मी विचारायचो.

"बाप कुठला आलाय? गावातला पोळ."

पुढे हर्सूलच्या गोठित रेत प्रयोगशाळेचे वळूंचे कागद पाहिले तेव्हा लक्षात आलं, की गावाकडे आईची बाजू होती आणि सरकारकडे बापाची. दोन्ही अर्ध्या वंशावळी, आणि दोन्हीची गाठ पडायची ती फक्त गाय माजावर आल्यावर, माझ्या बंदुकीच्या टोकाशी. बंदूक म्हणजे रेतनाची नळी हो. नव्या माणसाला हा शब्द ऐकून धक्का बसतो.

गावातला पोळ म्हणजे देवाच्या नावाने सोडलेला. त्याला कुणी हाकलत नाही, कुणी बांधत नाही. उमेश कुलकर्णींच्या 'वळू' या २००८ सालच्या चित्रपटातला डुरक्या आठवत असेल. तसा मारका निघाला तरच त्याची चर्चा, एरवी तो असतो आणि त्याचं असणं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. त्याची निवड कशी झाली हे विचारलं की गंमत कळते. नवस कुणी केला, त्याच्या गोठ्यात त्या वर्षी जो गोऱ्हा होता, तो सुटला. बरं, एकदा सुटला की आठ-दहा वर्षं तोच. आणि त्याची पहिली कालवड तीन वर्षांत माजावर येते. ती कुणाकडून फळणार? आपल्यात सोयरीक जमवायची तर गोत्र, देवक, मामाचं कूळ, सगळं चाळणीतून काढतात. गोठ्यात मात्र बाप आणि नवरा एकच. मग कालवड खुजी निघते, एकदा फळायला चारदा उलटते, आणि लोक म्हणतात, जमाना बदलला, जनावरात दम राहिला नाही. म्हणून नको असलेल्या गोऱ्ह्यांचं खच्चीकरण हे आमचं कायमचं काम. बर्डिझोचा चिमटा घेऊन गेलो की पोरं पळायची आणि म्हातारे हसायचे.

गोठवलेल्या रेताच्या कांडीची गोष्ट सांगतो. कंटेनरचं झाकण उघडलं की पांढरी वाफ काठावरून खाली सांडते. आत द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश. कॅनिस्टर मानेपर्यंत वर घ्यायचा, त्याच्या वर नाही. चिमट्याने एक कांडी उचलायची आणि थेट ३७ अंशांच्या पाण्यात, अर्धा मिनिट. मग रुमालाने पुसून ती उजेडात धरायची. पाव मिलिलिटरची ही काडी. भरताना तिच्यात सुमारे दोन कोटी शुक्राणू घातलेले असतात, गोठवण्यात त्यातले बरेच जातात, आणि विरघळवल्यावर निम्मे तरी हलते असावेत अशी अट असते. काडीच्या अंगावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं: जात, वळूचा क्रमांक, केंद्र, गोठवल्याची तारीख. थंडीच्या दिवसांत चष्म्यावर धुकं आलं की ते वाचताना डोळे फुटायचे. ज्या जनावराची छाती मिठीत मावणार नाही, ते चिमटीत एवढंसं होऊन येतं.

त्या क्रमांकामागे मोठा कारभार आहे. वळू केंद्रात घ्यायचा तर त्याच्या आईचं वेताचं दूध त्या जातीसाठी ठरवलेल्या मापाच्या वर हवं, बापाची नोंद हवी, क्षय आणि ब्रुसेलोसिससारख्या रोगांच्या चाचण्या निर्मळ हव्यात. हे सगळं चोख असतं. तरी कागदाकडे बघताना मला आबांची बोटं आठवायची. आईने दोन हजार लिटर दिलं हे खरं, पण तिच्या पोटच्या दोन गोऱ्ह्यांपैकी कोणात ते उतरलं हे आईचा आकडा सांगत नाही. सख्ख्या भावांचा कागद एकच असतो, लेकी वेगळ्या निघतात.

याच सुमाराला गावातल्या एका घरचा मुलगा अमेरिकेत टेक्ससला नोकरीला होता. त्याने वडिलांना मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली, आणि वडील ती दाखवायला दवाखान्यात आले. धुळीचं रिंगण, गाईंचा कळप, एक घोडेस्वार. तो कळपातून एक गाय हळूच बाहेर काढतो आणि लगाम सैल सोडतो. पुढचं सगळं घोडा करतो. गाय डावीकडे वळली की घोडा तिच्या आधी डावीकडे, ती थबकली की हा खाली वाकून थबकतो, कान तिच्यावर रोखलेले. तिला कळपात परत जाऊ देत नाही. स्वार नुसता खोगिराची मूठ धरून बसलेला. अडीच मिनिटांचा हा खेळ. "आपल्या गुराख्याला दाखवा," वडील म्हणाले, "म्हणावं बघ, घोडा तुझं काम करतोय."

आमच्याकडे घोडा म्हणजे वरातीचा. जालना-परभणीकडचे घोडेवाले मार्गशीर्षात लोह्याजवळच्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेला जातात, काही तापी काठच्या सारंगखेड्यापर्यंत. तिथे भाव ठरतो तो रंगावर, उंचीवर, कानांच्या टोकांवर आणि भोवऱ्यांवर. पंचकल्याण आहे का, देवमण कुठे आहे, अशुभ भोवरा तर नाही. बापाचं नाव घोडेवाला छातीठोक सांगतो, पण ते नाव आणि किंमत बहुधा जोडीनेच वाढतात. मराठ्यांच्या फौजेचा भीमथडी घोडा तर इतका विस्मरणात गेला होता, की स्वतंत्र जात म्हणून त्याची कर्नालला नोंद झाली ती अगदी अलीकडे. अमेरिकेतल्या त्या गाय वळवणाऱ्या घोड्यांचं तसं नाही. त्यांच्या वंशावळी छापलेल्या, विकतच्या, वाचायला मिळतात. कुतूहल वाटलं म्हणून मी शोधून वाचल्या, आणि तिथे मला डॉक बार भेटला.

डॉक बार हा १९५६ साली जन्मलेला, क्वार्टर हॉर्स जातीचा घोडा. त्याचं सगळं खानदान शर्यतीचं, म्हणून त्यालाही शर्यतीसाठीच वाढवला. चार शर्यती पळाला आणि कमाई ९५ डॉलर. म्हणजे कागद उत्तम आणि घोडा नापास. देखणा होता म्हणून त्याला रूपाच्या स्पर्धांत उभा करायला लागले, तिथे तो जिंकला. त्याने स्वतः कधी गाय वळवण्याच्या स्पर्धा गाजवल्या नाहीत. पण कॅलिफोर्नियातल्या जेन्सन कुटुंबाकडे आल्यावर त्याच्याकडे घोड्या येऊ लागल्या आणि त्याची शिंगरं गाईसमोर अशी नाचू लागली, की या खेळाचा आजचा सगळा वंशवृक्ष त्याच्यावरून ओळखतात. कुणी आधी ओळखलं नव्हतं. ओळखणार कसं? त्याच्या अंगावर ते लिहिलेलं नव्हतं आणि त्याच्या मागच्या पिढ्यांतही नव्हतं.

पण माझा जीव अडकला तो पोको लीना नावाच्या घोडीत. ती या खेळातली नामांकित घोडी. १९६२ साली तिचा मालक विमान अपघातात गेला आणि त्या गोंधळात ती गाडीतच काही दिवस उभी राहिली. खुरं कायमची बिघडली. पळणं संपलं. जेन्सननी तिला नेली आणि डॉक बारकडून तिला दोन शिंगरं झाली, डॉक ओलीना आणि ड्राय डॉक. दुसऱ्यानंतर ती फार जगली नाही. पहिल्याने तीन वर्षांच्या घोड्यांची फोर्ट वर्थची मोठी स्पर्धा १९७० साली जिंकली, दुसऱ्याने १९७१ साली. डॉक ओलीनाचा मुलगा स्मार्ट लिटल लीना १९८२ साली तीच जिंकला. वंशावळीत मोठ्या अक्षरांत बाप असतो. नावात मात्र डॉक ओलीनाने आणि त्याच्या मुलाने त्या लंगड्या घोडीची लीना जपलेली आहे. हे मी गोठ्यात सांगितलं तेव्हा एक बाई पटकन म्हणाल्या, "मग? आंदणच की ते."

घोड्याचं तिसऱ्या वर्षी रिंगणात कळतं. वळूचं कळायला किती वेळ लागतो बघा. कांडी आज भरली. नऊ महिने नऊ दिवसांनी कालवड. ती देशी असली तर पहिलं वेत साडेतीन-चार वर्षांनी. त्या वेताचं दूध मोजायला आणखी दहा महिने. आणि एका लेकीवरून काही ठरत नाही. वेगवेगळ्या गोठ्यांतल्या, वेगवेगळ्या चाऱ्यावरच्या कितीतरी लेकी मोजाव्या लागतात. तेव्हा कुठे म्हणता येतं की हा बाप दूध वाढवतो. तोवर वळू म्हातारा झालेला असतो किंवा मेलेला; कांड्या मात्र नायट्रोजनमध्ये जशाच्या तशा. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते 'गौचिप' सुरू झाली. वासराच्या रक्तातून वा केसांतून डीएनए काढून त्याचा पुढचा अंदाज बांधायची ही सोय. चांगली आहे. पण चिपला शिकवायलाही मोजलेल्या लेकीच लागतात, आणि आमची माशी तिथेच शिंकते.

कारण लेकी सापडत नाहीत. कानात बारा अंकी बिल्ला मारलेली कालवड वर्षाने बाजारात जाते. नवा मालक बिल्ला कापून टाकतो. का विचारलं तर "कान सडतोय" म्हणतो, आणि कधीकधी ते खरंही असतं. दूध मोजायचं तर तांब्याने. डेअरीवर दोन गाईंचं एकत्र जातं. आणि गोऱ्हा झाला तर नोंदीचा प्रश्नच मिटतो. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला औत नाही, २०१५च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर खाटकाचं गिऱ्हाईकही नाही; संकरित गोऱ्हा तर कुणी फुकट नेत नाही. शंकरपटाच्या बैलांचं तेवढं वेगळं. २०१४च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या तेव्हा जातिवंत खोंडांचे भाव बसले, डिसेंबर २०२१ला परवानगी मिळाली तसे ते पुन्हा उठले. पटाच्या बैलाचा बाप कोण, आजा कोण, हे दहा गावची पोरं घडाघडा सांगतात. जिथे पैसा लागलेला असतो तिथे वंशावळ विसरत नाही कुणी.

मी माझ्यापुरती एक वही ठेवायचो. सरकारी रजिस्टर वेगळं, ही वही खिशातली. गाव, घर, गाईची खूण, कांडीचा क्रमांक, तारीख. उलटली तर फुली, गाभण राहिली तर टिंब. एका मावशींच्या लाल कंधारी गाईला मी अशीच एक कांडी भरली होती. कालवड झाली. पुढे ती व्याली आणि दोन्ही वेळचं मिळून तिच्या आईपेक्षा दीडपट दूध द्यायला लागली. मावशींनी स्वतःच मोजलं होतं, त्याच तांब्याने, भिंतीवर कोळशाने रेघा ओढून. चाऱ्यात काय बदल केला ते विचारलं. काहीच नाही, तोच कडबा नि तीच सरकी.

कालवड पुन्हा माजावर आली तेव्हा मावशींचा निरोप होता: तोच वळू पाहिजे. "मागच्यानं पांग फेडलं. त्याचीच द्या."

वही उघडली. क्रमांक बघितला आणि कंटेनरच्या यादीशी ताडला. योगायोगाने त्याच वळूच्या कांड्या आल्या होत्या.

"मावशी, हा तिचा बाप हाय."

त्या गप्प झाल्या. मग तोंडाला पदर लावून हसल्या. "आगं बाई. मग कामून देता? दुसरा बघा की कुनी."

दुसरा बघितला. त्याच जातीचा, पण वेगळ्या आईचा, वेगळ्या बापाचा. तो मावशींना कसा निघेल हे मला सांगता येईना. त्याची आई चांगली होती एवढंच कागदावर होतं. मावशींनी गाईची शेपूट बाजूला धरली आणि विचारलं, "ह्याच्या लेकी कुठं बघायला मिळतील?"

निवृत्तीनंतर मी अधूनमधून त्या बाजूला जातो. परवा एक नवा पोरगा भेटला, कामाचा, हात हलका. 'भारत पशुधन' ॲपमध्ये नोंद करत होता. त्याच मावशींचा गोठा, गाय तिसऱ्या पिढीची. बापाचा क्रमांक त्याने कांडीवरून घातला. आईचा बिल्ला नंबर विचारला, तो मिळाला. आईच्या आईचा विचारला.

"तिला बिल्ला नव्हता," मावशी म्हणाल्या. "डावं शिंग मोडकं होतं."

पोराने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या जुन्या वहीतला कांडीचा क्रमांक त्याला सांगितला. त्याने तो ॲपमध्ये टाकून पाहिला, ॲपने घेतला नाही. शेवटी तो रकाना मोकळा सोडून त्याने पुढचं बटन दाबलं, आणि वासराला धरायला मला हाक मारली.